शब्बाथ शनिवारी की रविवारी?

प्रश्न : आमच्या सोसायटीत दोन ख्रिस्ती कुटुंबे राहतात. एक रविवारी सकाळी चर्चला जाते, दुसरे शनिवारी. शनिवारी जाणारे शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरातली कामे उरकून घेतात आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत दुकान उघडत नाहीत. दोघांचे बायबल एक, दहा आज्ञा त्याच, मग वार वेगळे कसे? एक जण म्हणाला, खरा वार शनिवारच, तो एका रोमन बादशहाने बदलला. दुसरा म्हणाला, मधे कॅलेंडरच बदलले, त्यामुळे खरा शनिवार कोणता हे आता कोणालाच ठाऊक नाही. तिसऱ्याने तर शनिवारवाल्यांना यहुदीच ठरवले. यात खरे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमच्या तिन्ही सल्लागारांची माहिती चुकीची आहे, पण प्रत्येकाच्या बोलण्यात सत्याचा एकेक तुकडा आहे. म्हणून तर अशा समजुती लवकर मरत नाहीत. आपण एकेक गाठ सोडवू.

आधी मूळ आज्ञा पाहू. बायबलच्या निर्गम पुस्तकातल्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञा आहेत. त्यातली एक सांगते की सहा दिवस काम करा, सातवा दिवस शब्बाथ म्हणून पवित्र माना. त्या दिवशी घरधन्याने, मुलाबाळांनी, चाकरांनी, एवढेच काय गुराढोरांनीही विसावा घ्यायचा. कारण दिले आहे ते असे, की देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद नावाच्या पुस्तकात हीच आज्ञा पुन्हा येते, पण तिथे कारण वेगळे आहे. तुम्ही मिसर देशात गुलाम होता, देवाने तुम्हाला सोडवले, याची आठवण म्हणून हा दिवस पाळा, असे तिथे म्हटले आहे. ही दोन कारणे ध्यानात ठेवा. पुढचा निम्मा वाद त्यांच्यातूनच निघतो. आज्ञेचा संबंध सृष्टीशी असेल तर ती साऱ्या मानवजातीला लागू होते. गुलामीतून झालेल्या सुटकेशी असेल तर ती इस्राएल लोकांपुरती आहे, असे म्हणता येते.

हा सातवा दिवस म्हणजे आपला शनिवार. यहुद्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत असतो. मराठी माणसाला हे अगदीच परके नाही. अलिबाग, रेवदंडा या भागातले बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. त्यावरून कोकणात त्यांना शनवार तेली हे नाव पडले.

मग शनिवारी चर्चला जाणारे तुमचे शेजारी यहुदी का नाहीत? कारण येशू हाच ख्रिस्त आणि तारणारा असे ते मानतात, नवा करार मानतात, बाप्तिस्मा घेतात. वार सोडला तर त्यांची श्रद्धा बहुतेक बाबतींत इतर प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांसारखीच आहे. पुण्यात असे कुटुंब असेल तर ते बहुधा सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे असावे. या पंथाचे पुण्यात जुने ठाणे आहे. स्पायसर कॉलेज, म्हणजे आजचे स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ, याच पंथाचे.

कॅलेंडर बदलले, मग वार चुकला का?

ही गाठ सुटायला सर्वांत सोपी. कॅलेंडर बदलले हे खरे, पण बदलल्या त्या तारखा. वारांना कोणी हात लावला नाही. पोप तेरावा ग्रेगरी याने 1582 मध्ये कॅलेंडर सुधारले तेव्हा दहा तारखा गाळल्या. रोममध्ये गुरुवारी 4 ऑक्टोबर होता आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवारी 15 ऑक्टोबर उजाडला. गुरुवारनंतर शुक्रवारच आला. इंग्लंडने ही सुधारणा 1752 मध्ये स्वीकारली. तिथेही बुधवार 2 सप्टेंबरनंतर गुरुवार 14 सप्टेंबर आला. अकरा तारखा गेल्या, वार एकही गेला नाही.

त्या मधल्या काळात युरोपातले देश वेगवेगळ्या तारखा लिहीत होते, वार मात्र सगळीकडे तोच होता. शिवाय जगभर विखुरलेले यहुदी लोक येशूच्या आधीपासून आजतागायत दर सात दिवसांनी शब्बाथ पाळत आले आहेत. त्यांच्यात सण कधी धरावा यावर वाद झाले, पण शब्बाथ कोणत्या वारी, यावर देशोदेशी दोन मते झाली नाहीत. येशू ज्या शनिवारी सभास्थानात जात असे त्याच शनिवारांच्या साखळीतला आपला येता शनिवार आहे. शनिवारवाले ख्रिस्ती हे मानतात आणि रविवारवालेही मानतात. म्हणजे सातवा दिवस कोणता, हा वाद नाहीच. सातव्या दिवसाची आज्ञा ख्रिस्ती माणसाला आजही लागू आहे का, आणि असेल तर वार बदलायचा अधिकार कोणाला होता, हा खरा वाद आहे.

मग रविवार आला कुठून?

येशू स्वतः यहुदी होता आणि शब्बाथ पाळत असे. तो आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला, असे लूकच्या शुभवर्तमानात आहे. त्या दिवशी रोगी बरे केले म्हणून त्याच्यावर टीका झाली तेव्हा त्याने शब्बाथ रद्द केला नाही, तो माणसाच्या भल्यासाठी आहे असे सांगितले. त्याला क्रूसावर खिळले तो शुक्रवार. शनिवार कबरेत गेला. आणि चारही शुभवर्तमाने सांगतात की आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी पहाटे, कबर रिकामी आढळली. ख्रिस्ती श्रद्धेचा सारा डोलारा या एका घटनेवर उभा आहे. त्यामुळे त्या वाराला महत्त्व येणे ओघानेच आले.

पहिले शिष्य सगळे यहुदी होते. ते शनिवारी सभास्थानात जात आणि आपसांत वेगळे जमून भाकर मोडत, प्रार्थना करत. हळूहळू ग्रीक आणि रोमन लोक या मंडळीत येऊ लागले. त्यांनी सुंता करून घ्यावी का, मोशेचे सगळे नियम पाळावेत का, असा प्रश्न उभा राहिला. यरुशलेमेत प्रेषितांची बैठक झाली आणि तो सगळा भार त्यांच्यावर टाकू नये असे ठरले. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात ही हकीकत आहे. नव्या लोकांनी पाळायच्या ज्या मोजक्या गोष्टी तिथे सांगितल्या, त्यांत शब्बाथाचा उल्लेख नाही. रविवारवाले याचा अर्थ शब्बाथ बंधनकारक राहिला नाही असा घेतात. शनिवारवाले म्हणतात, चोरी करू नका हेही त्या यादीत नाही, म्हणून काय चोरी करायची? दोघांचाही मुद्दा बिनतोड वाटतो. असे या वादात पुढेही अनेकदा होणार आहे.

त्यानंतर राजकारण आडवे आले. इ.स. 70 मध्ये रोमन फौजेने यरुशलेमचे मंदिर जमीनदोस्त केले आणि यहुद्यांवर खास कर बसवला. 132 ते 135 या काळात यहुद्यांचा दुसरा मोठा उठाव झाला. तो चिरडल्यावर हेड्रियन बादशहाने यहुदी रीतिरिवाजांवर कडक निर्बंध आणले. अशा वेळी आपण यहुदी नव्हे, हे दाखवण्याची निकड यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांना वाटली असेल तर नवल नाही. एकीकडे पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवारची ओढ होती, दुसरीकडे यहुद्यांपासून दूर सरकण्याची घाई. कोणत्या कारणाचे वजन किती, यावर अभ्यासक आजही भांडतात. ॲडव्हेंटिस्ट विद्वान सॅम्युएले बाकियोकी यांनी रोममधल्या कॅथलिक विद्यापीठात याच विषयावर प्रबंध लिहिला. तो 1977 मध्ये पुस्तकरूपाने आला. रविवारची प्रथा यहुदीविरोधी वातावरणात रोममध्ये रुजली, अशी त्यांची मांडणी आहे. दुसऱ्या बाजूच्या अभ्यासकांनी 1982 मध्ये एक जाडजूड ग्रंथ काढून रविवारची मुळे त्याहून जुनी असल्याचे मांडले.

बादशहाने वार बदलला का?

तुमच्या मित्राच्या मनातला बादशहा म्हणजे कॉन्स्टंटाइन. त्याने 7 मार्च 321 रोजी एक फर्मान काढले. सूर्याच्या पूज्य वारी न्यायाधीशांनी, शहरातल्या लोकांनी आणि कारागिरांनी काम बंद ठेवावे, असा त्याचा आशय होता. शेतकऱ्यांना मात्र मोकळीक होती, कारण पेरणीचा किंवा लागवडीचा नेमका दिवस वाया जाऊ नये. हे फर्मान खरे आहे. पण त्यापूर्वी जवळजवळ 170 वर्षे, म्हणजे इ.स. 150 च्या सुमारास, रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने बादशहाला उद्देशून आपल्या धर्माची बाजू मांडली होती. त्यात त्याने ख्रिस्ती लोक रविवारी कसे जमतात, प्रेषितांचे आणि संदेष्ट्यांचे लेखन कसे वाचतात, भाकर व द्राक्षारस कसा वाटून घेतात आणि गरिबांसाठी वर्गणी कशी गोळा करतात, हे तपशिलाने लिहिले आहे. कॉन्स्टंटाइनने रविवार शोधून काढला नाही. तो आधीच चालू होता.

मग त्याने केले काय? इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एक उपासना, दुसरी विश्रांती. यहुदी शब्बाथात दोन्ही एकत्र होत्या. पहिल्या ख्रिस्ती लोकांचा रविवार मात्र उपासनेचा दिवस होता, सुटीचा नव्हे. रोमन साम्राज्यात रविवारी कामकाज नेहमीप्रमाणे चाले. मंडळीत गुलाम आणि मजूर पुष्कळ होते, मालक त्यांना सुटी देणार नव्हता. म्हणून ते कामाच्या आधी किंवा नंतर जमत. इ.स. 112 च्या सुमारास प्लिनी या रोमन अधिकाऱ्याने बादशहाला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाट होण्यापूर्वी जमतात, असे नोंदवले आहे. वार मात्र त्याने लिहिलेला नाही. कॉन्स्टंटाइनने उपासनेच्या वाराला सरकारी सुटी जोडली. विश्रांती रविवारकडे सरकू लागली ती इथून. तुमच्या मित्राच्या बोलण्यातला सत्याचा तुकडा हाच.

तरीही शनिवार लगेच संपला नाही. इ.स. 363-364 च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या लावदिकीया इथे धर्मसभा भरली. ख्रिस्ती लोकांनी यहुद्यांसारखे शनिवारी रिकामे बसू नये, त्या दिवशी काम करावे आणि जमेल तर रविवारी विसावा घ्यावा, असा तिने नियम केला. नियम करावा लागला याचा अर्थ उघड आहे. लोक शनिवारी विसावा घेतच होते. पाचव्या शतकातला इतिहासकार सोक्रेटिस (विषाचा प्याला घेणारा तो तत्त्वज्ञ नव्हे, हा कॉन्स्टँटिनोपलचा) लिहितो की जगातल्या बहुतेक मंडळ्यांत शनिवारीही उपासना होते, फक्त रोम आणि अलेक्झांड्रिया इथे ती बंद पडली आहे. पुढे युरोपात रोमचा शब्द चालू लागला आणि रोमची रीत सगळीकडे पसरली.

इथिओपियात मात्र निराळेच घडले. तिथे एवोस्तातेवोस नावाच्या साधूच्या अनुयायांनी चौदाव्या शतकात शनिवारचा आग्रह धरला आणि त्यासाठी पुष्कळ छळ सोसला. शेवटी राजा झारा याकोब याने 1450 मध्ये धर्मसभा बोलावून दोन्ही वार पाळावेत असा निकाल दिला. इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स चर्च आजही दोन्ही वारांना मान देते. शनिवार हवा की रविवार, असे कोणी विचारले तर दोन्ही, असे उत्तर देणारेही ख्रिस्ती आहेत.

रविवारवाल्यांत एकमत आहे का?

मुळीच नाही. वाद शनिवार विरुद्ध रविवार असा दोन पक्षांचा दिसतो, पण पक्ष तीन आहेत.

पहिला पक्ष म्हणतो, आज्ञा कायम आहे आणि वारही कायम आहे. हे तुमचे शनिवारवाले शेजारी.

दुसरा पक्ष म्हणतो, आज्ञा कायम आहे, वार तेवढा बदलला. सातांतला एक दिवस देवाला द्यावा हा नियम नित्याचा, कोणता दिवस हे मात्र ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाने ठरले. इंग्लंडमधले प्युरिटन आणि स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन या मताचे. 1646 मध्ये लिहिलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात हे मत स्पष्ट मांडले आहे. त्यात रविवारला ख्रिस्ती शब्बाथ असेच म्हटले आहे. या लोकांचा रविवार कडक. खेळ नाही, व्यापार नाही, करमणूक नाही. राजा पहिला जेम्स याने 1618 मध्ये जाहीरनामा काढून रविवारच्या उपासनेनंतर नाच, तिरंदाजी असे खेळ खेळायला मुभा दिली, तेव्हा प्युरिटन इतके खवळले की पुढे त्यांचा जोर झाल्यावर 1643 मध्ये पार्लमेंटने तो जाहीरनामा जाहीरपणे जाळायला लावला. स्कॉटलंडचा धावपटू एरिक लिडेल याच परंपरेतला. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून त्याने त्या शर्यतीत भागच घेतला नाही आणि चारशे मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवले.

तिसरा पक्ष म्हणतो, शब्बाथाची विशिष्ट वाराची आज्ञा जुन्या कराराबरोबर पूर्ण झाली. रविवार हा बदललेला शब्बाथ नव्हे, तो प्रभूचा दिवस म्हणून वेगळाच आहे. कॅथलिक धर्मशिकवणीत रविवार हा शब्बाथाहून निराळा आणि त्यानंतर येणारा दिवस आहे, असे साफ सांगितले आहे. आज्ञेतला नैतिक गाभा, म्हणजे देवासाठी वेळ राखून ठेवणे, कायम आणि वाराचा विधी तात्पुरता, अशी फोड तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने केली होती. मार्टिन ल्यूथरही वाराच्या बंधनाविरुद्ध होता. लोकांना उपासनेसाठी एक ठरलेला वार लागतो आणि रविवार पूर्वापार चालत आला आहे, तर तोच असू द्या, असे त्याचे साधारण म्हणणे.

शनिवारवाले पुन्हा कसे उगवले?

सोळाव्या शतकात धर्मसुधारकांनी घोषणा केली की श्रद्धेचा आधार फक्त पवित्र शास्त्र, पोपची परंपरा नव्हे. मग काही सरळ मनाच्या वाचकांनी शास्त्र उघडून विचारले, की रविवार पाळा असे यात कुठे लिहिले आहे? सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सातव्या दिवसाचे बाप्टिस्ट निर्माण झाले. अमेरिकेत त्यांची पहिली मंडळी ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट इथे 1671 मध्ये स्थापन झाली.

पुढचा टप्पा अमेरिकेतच घडला. 22 ऑक्टोबर 1844 रोजी ख्रिस्त परत येणार, असा विल्यम मिलर या धर्मोपदेशकाच्या हजारो अनुयायांचा विश्वास होता. तो दिवस आला आणि गेला. निराश झालेल्यांपैकी काहींनी शास्त्राचा अभ्यास नव्याने सुरू केला. सातव्या दिवसाच्या बाप्टिस्ट पंथातली रेचल ओक्स ही स्त्री न्यू हॅम्पशायरमधल्या अशाच एका मंडळीत शनिवारचा आग्रह धरत होती. तिथून ही कल्पना जोसेफ बेट्स या निवृत्त जहाज कप्तानापर्यंत पोहोचली. त्याने 1846 मध्ये सातव्या दिवसावर पुस्तिका लिहिली. जेम्स आणि एलन व्हाइट या दांपत्याने ती मानली आणि 1863 मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची रीतसर स्थापना झाली. आज त्याचे जगभर दोन कोटींहून अधिक सभासद आहेत.

दोन्ही बाजू तीच वचने कशी वापरतात, हे पाहण्यासारखे आहे. त्रोवस गावी शिष्य आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमले, असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. रविवारवाले म्हणतात, हा घ्या पुरावा. शनिवारवाले म्हणतात, ती निरोपाची रात्रीची सभा होती आणि यहुदी गणनेने ती शनिवारची रात्रही असू शकते. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पहिल्या दिवशी मदतीसाठी काही बाजूला ठेवायला सांगितले. एक बाजू म्हणते, ही मंडळीतली वर्गणी. दुसरी म्हणते, ही घरातली बचत. कलस्सैकरांस पत्रात सण, अमावास्या, शब्बाथ यांवरून कोणी तुम्हाला दोष लावू नये, असे पौल सांगतो. रविवारवाले इथे खटला संपला असे मानतात. शनिवारवाले म्हणतात, तिथले शब्बाथ म्हणजे वर्षातल्या सणांचे विशेष विसाव्याचे दिवस, साप्ताहिक शब्बाथ नव्हे.

या भांडणात कॅथलिकांनी एकदा मजेदार भूमिका घेतली. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या एका कॅथलिक साप्ताहिकाने 1893 मध्ये लेखमाला छापली. तिचा रोख प्रोटेस्टंटांवर होता. तुम्ही फक्त शास्त्र मानता ना? मग शास्त्राप्रमाणे शनिवार पाळा. रविवार पाळत असाल तर तुम्ही आमच्या चर्चचा अधिकार मान्य करता, असा तो पेच होता. ॲडव्हेंटिस्टांना हे लेख इतके आवडले की त्यांनीच त्यांचा प्रसार केला.

जिथे वारच सरकतो तिथे काय?

पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवर गेलात तर ॲडव्हेंटिस्ट मंडळी रविवारी चर्चमध्ये दिसेल. गोंधळू नका. टोंगा हे 180 अंश रेखावृत्ताच्या पूर्वेला आहे, म्हणजे भूगोलाप्रमाणे अमेरिकेच्या बाजूला. पण व्यवहाराच्या सोयीसाठी वाररेषा, म्हणजे जी ओलांडली की वार बदलतो ती रेषा, वाकवून त्याला न्यूझीलंडच्या बाजूला घेतले आहे. ॲडव्हेंटिस्टांनी सरळ रेखावृत्त धरले, वाकडी रेषा नाही. त्यामुळे लोक ज्याला रविवार म्हणतात तो त्यांच्या हिशेबाने शनिवारच.

शेजारच्या सामोआने तर 2011 मध्ये एक दिवसच गाळला. गुरुवार 29 डिसेंबरनंतर थेट शनिवार 31 डिसेंबर उजाडला, कारण देशाला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोयीचा व्हावा म्हणून वाररेषेची बाजू बदलायची होती. तिथल्या ॲडव्हेंटिस्टांपुढे पेच पडला. सात दिवसांची गणना न मोडता आता ज्याला रविवार म्हणतात त्या दिवशी जमायचे, की सरकारी शनिवार धरायचा? चर्चने पहिला मार्ग धरला, काही सभासदांना तो पटला नाही आणि ते वेगळे झाले. कॅलेंडर बदलल्याने वार चुकतो, ही तुमच्या दुसऱ्या मित्राची शंका 1582 ला लागू पडत नाही, सामोआला मात्र पडते.

व्यवहारात फरक काय पडतो?

बराच पडतो. आपल्याकडे इंग्रजी अमलामुळे कचेऱ्यांना रविवारची सुटी आली, पण गिरणी कामगारांना ती लढून मिळवावी लागली. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे चळवळ केली आणि 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी मागणी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असाही मुद्दा लोखंड्यांनी मांडल्याचे सांगतात. त्यामुळे आपल्या रविवारच्या सुटीकडे चर्चची देणगी म्हणून पाहणे अपुरे आहे. तिच्यात कामगारांचा घामही आहे.

या सुटीचा फायदा रविवारवाल्या ख्रिस्ती माणसाला आपोआप होतो. शनिवारवाल्याची मात्र शनिवारच्या परीक्षा, मुलाखती आणि कामाच्या पाळ्या यांच्याशी गाठ असते. अमेरिकेत एका ॲडव्हेंटिस्ट गिरणी कामगार स्त्रीने शनिवारी काम करायला नकार दिला म्हणून तिची नोकरी गेली आणि बेकारभत्ताही नाकारला गेला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. 2023 मध्ये त्याच न्यायालयापुढे रविवारी टपाल वाटायला नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याचा खटला आला आणि कर्मचाऱ्यांच्या धर्माचरणाला सहजासहजी नकार देता येणार नाही, असे न्यायाधीशांनी एकमताने सांगितले. म्हणजे आता रविवारवाल्यांनाही कोर्टाची पायरी चढावी लागते.

एक सावधगिरीची सूचना. कोणी शनिवारी संध्याकाळी चर्चला जाताना दिसले म्हणून त्याला लगेच शनिवारवाला ठरवू नका. कॅथलिक नियमांप्रमाणे आदल्या संध्याकाळी मिस्सा ऐकली तरी रविवारचे कर्तव्य पुरे होते. बुधवारी माहीमच्या चर्चबाहेर रांग दिसते तीही शब्बाथाची नव्हे, नोव्हेना या प्रार्थनेची. आणि यहोवाचे साक्षी हे शनिवारवाले आहेत, असा एक गैरसमज आहे. ते कोणताच वार शब्बाथ म्हणून पाळत नाहीत.

आता निकाल. सातवा दिवस शनिवार, यात शंका नाही. ख्रिस्ती लोक दुसऱ्या शतकापासून रविवारी जमत आले, यातही शंका नाही. वार बदला अशी थेट आज्ञा नव्या करारात नाही, आणि यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांनी शनिवार पाळावा अशी थेट आज्ञाही त्यात नाही. ही मोकळी जागा कोणी परंपरेने भरली, कोणी जुन्या आज्ञेने. तुमची दोन्ही शेजारी कुटुंबे आपापल्या आधाराशी प्रामाणिक आहेत. तेव्हा यापुढे कोणी बादशहाने वार बदलला म्हणाले तर त्याला जस्टिनचे साल विचारा, आणि रविवार पाळा असे बायबलच सांगते म्हणाले तर अध्याय आणि वचन विचारा. सोसायटीची सभा मात्र शनिवारी सूर्यास्तानंतर ठेवा. मग दोन्ही घरांतली माणसे येतील.